कुर्डुवाडी जंक्शन आणि बार्शी लाईट : छोट्या रुळांच्या आठवणी

रूळवाट

कुर्डुवाडी हे नाव बहुतेक प्रवाशांना पुणे-सोलापूर मार्गावरील एक थांबा एवढ्यापुरतेच ठाऊक असते. रेल्वेचे वेड असणाऱ्या माझ्या पिढीतील माणसांना मात्र त्या स्थानकाची ओढ वेगळ्याच कारणाने होती. मुख्य फलाटावरून थोडे चालले, की २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांचे एक संपूर्ण राज्य सुरू होत असे. त्याला स्वतःचा फलाट, स्वतःचे इंजिनघर, स्वतःचा कारखाना आणि स्वतःची अशी कामाची रीत होती. एकीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे बार्शीवरून लातूरपर्यंत पसरलेला हा सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. कंपनी म्हणून ती १९५४ साली संपली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला, तरी परिसरातील लोक शेवटपर्यंत तिला ‘बार्शी लाईट’च म्हणत राहिले.

महाविद्यालयात असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, मी हे जंक्शन पायी हिंडून पाहिले. त्या भटकंतीत जे दिसले आणि जाणत्या माणसांकडून जे ऐकायला मिळाले, ते कुठेतरी लिहून राहावे म्हणून हा धागा काढत आहे.

थोडा इतिहास आधी सांगतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून सोलापूरच्या दिशेने सरकत १८५९ साली येथवर आला आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोहोचला. बार्शी ही मोठी बाजारपेठ असूनही मार्गापासून सुमारे ३५ किलोमीटर बाजूला राहिली, आणि तिच्यासाठी उतरायचे ठिकाण म्हणून या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असेच नाव मिळाले. बार्शीचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी येथे येत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ पासून जीआयपी रेल्वेच्या नोकरीत होता. बार्शीला छोट्या रुळांचा फाटा न्यावा, ही कल्पना त्याने मांडली आणि मंजुरी व भांडवल यांत अनेक वर्षे गेली तरी सोडली नाही. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शीला गाडी गेली. पुढच्या दशकभरात पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा मार्ग वाढत गेला. मिरजेला रूळ पोहोचले त्याच वर्षी कॅलथ्रॉपचे निधन झाले.

जंक्शन पाहायला गेलेला माणूस आधी इंजिनघराकडे वळतो, आणि मीही तसाच वळलो. तेथे डिझेल इंजिने उभी होती. मोठ्या मार्गावरील इंजिनांच्या सवयीच्या डोळ्यांना त्यांची उंची विलक्षण कमी वाटत होती. तेथील एका खलाशाने मला बदलीचा जुना मालधक्का पाहून यायला सांगितले. त्या धक्क्याने माझी जंक्शनकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे मी आजही मानतो. धक्क्याच्या एका अंगाला मोठे रूळ होते आणि दुसऱ्या अंगाला छोटे. मी गेलो तेव्हा तेथे काम जवळजवळ थांबलेले होते. पण आयुष्य तेथेच काढलेला एक वयस्कर हमाल सावलीला बसला होता, आणि त्याने मला सारी पद्धत समजावून सांगितली.

लातूरच्या बाजूने आलेले प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालाच्या डब्यातून, पाठीवर घ्यायचे, धक्का ओलांडायचा आणि मोठ्या वाघिणीत रचायचे. मुंबईहून आलेले कापड, लोखंड, रॉकेल उलट दिशेने न्यायचे. मुकादम टोळ्या पाडून देई आणि कारकून नग मोजून घेई. फाटलेली पोती तेथेच दाभणाने शिवली जात. पाऊस आला की ताडपत्र्यांची धावपळ होई आणि हंगामात कंदिलाच्या उजेडातही काम चाले. मालाचा एकही दाणा माणसाच्या हातांखालून गेल्याशिवाय कुर्डुवाडी ओलांडू शकत नव्हता.

मोठे रूळ ५ फूट ६ इंचांचे आणि छोटे २ फूट ६ इंचांचे. या गावाचे सगळे अर्थकारण मधल्या त्या ३ फुटांवर उभे होते. हमाल, मुकादम, चहावाले, खाणावळी, धर्मशाळा, गाडी बदलण्यासाठी थांबलेले वारकरी आणि व्यापारी, ही सारी त्या फरकाने आणलेली माणसे होती. जंक्शनचा नकाशा काढताना आपण रुळांच्या रेघा काढतो. कुर्डुवाडीचा नकाशा काढताना या माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटाही काढायला हव्यात, असे मला फार वाटते. ज्यांच्याकडे आठवणी असतील त्यांनी जरूर लिहावे.

जुना बार्शीकर

रूळवाट, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरात या गाडीचे नाव ‘छोटी गाडी’ होते आणि आजोळ पंढरपूरला असल्यामुळे तिच्याशी नाते जन्मापासूनचे. तुम्ही मालाची बाजू लिहिलीत, मी प्रवाशांची थोडी लिहितो.

बार्शीहून निघालेली गाडी शेंद्रीवरून कुर्डुवाडीला येत असे. पुढे मुंबईला जायचे असेल तर वळकट्या आणि फळ्यांच्या पेट्या घेऊन मोठ्या फलाटावर जायचे आणि तेथे पथारी पसरायची. छोटी गाडी उशिरा आली आणि मोठी निघून गेली, तर पुढची गाडी येईपर्यंत सारे कुटुंब फलाटावरच राही. त्या मुक्कामात कितीतरी सोयरिकी जुळल्या, हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. माझ्या आत्याचे लग्न अशाच एका मुक्कामात झालेल्या ओळखीतून ठरले.

आषाढीच्या दिवसांत मात्र वेळापत्रक वगैरे काही उरत नसे. मुंबई, खानदेश, निजामाच्या मुलखातून आलेले वारकरी येथे उतरत आणि पंढरपूरच्या गाडीसाठी गर्दी करत. माझे आजोबा सांगत की डबे पुरत नसल्याने मालाच्या वाघिणींतही माणसे बसवली जात, आणि टाळमृदंगाच्या गजरात गाडी सुटे. माझ्या लहानपणीही मोडनिंबच्या पुढे गाडीच्या टपापर्यंत माणसे दिसत. वारीची पायवाट आपण सारे गौरवाने सांगतो. ज्यांना वयामुळे वा पोटापाण्यामुळे चालत जाणे शक्य नव्हते, अशा असंख्य माणसांना या गाडीने विठोबाचे दर्शन घडवले, हेही तितक्याच आदराने लिहिले गेले पाहिजे.

लोहपथ

मी रेल्वेच्या रूळमार्ग विभागात नोकरी केली आहे, म्हणून अभियांत्रिकीची बाजू मांडतो. बार्शी लाईट ही केवळ ‘लहान’ रेल्वे होती, असा समज सर्वत्र आहे आणि तो कॅलथ्रॉपवर अन्याय करणारा आहे.

त्या काळच्या बहुतेक रेल्वेमार्गांवर इंजिनाच्या एका ॲक्सलवर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या आसावर, जेवढा भार येई, त्याहून वाघिणीच्या ॲक्सलवर बराच कमी येई. रूळ आणि पूल मात्र सर्वांत जड ॲक्सल धरून बांधावे लागत. याचा अर्थ असा, की रुळांवर केलेला खर्च फक्त इंजिन जाते तेवढ्या क्षणांपुरताच पूर्ण वसूल होई. मागून येणाऱ्या सगळ्या गाडीखाली रूळ गरजेपेक्षा मजबूत असत. कॅलथ्रॉपने हे उलटे केले. त्याने आधी मर्यादा ठरवली, ती म्हणजे इंजिन असो वा वाघीण, एका ॲक्सलवर ५ टन. मग त्या मर्यादेत बसेल असे सगळे घडवले.

लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेली पहिली इंजिने पाहा. त्यांना एकमेकांना जोडलेली ८ चाके आणि मागे ४ चाके, म्हणजे एकूण ६ ॲक्सल होते, आणि वजन होते ३० टनांच्या आसपास. भार सहाही ॲक्सलवर वाटला गेल्यामुळे ३० पौंडी रूळ, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ, त्यांना पुरले. आज मुख्य मार्गांवर आपण मीटरला ६० किलोंचे रूळ टाकतो, यावरून कल्पना यावी. दुसरीकडे वाघिणी त्याने दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांच्या आणि बोगीवर, म्हणजे वळणावर फिरू शकणाऱ्या चाकांच्या सांगाड्यावर, चालणाऱ्या केल्या. त्यांचे स्वतःचे वजन कमी राहिले आणि ५ टनांच्या मर्यादेतला जास्तीत जास्त वाटा मालाला मिळाला. भारतात पाठवण्याआधी हे सगळे लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवले गेले आणि जगभरातील रेल्वे अभियंत्यांनी त्याची दखल घेतली.

सोलापूर जिल्ह्यातील एका आडवळणाच्या फाट्यावर हा विचार प्रथम पूर्णत्वाने उतरला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हे उदाहरण देत आलो आहे.

रूळवाट

लोहपथ, आपण फार नेमके लिहिले आहे. त्याला जोडून एक गोष्ट सांगतो. बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा छोटा मार्ग आखला. तो १९०४ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. त्याचे रूळही २ फूट ६ इंचांचेच होते, आणि तेथील इंजिनांवर बसवलेले भलेमोठे दिवे इंग्लंडच्या दरीपेक्षा आपल्या माळरानावर अधिक शोभले असते. मुद्दा असा, की त्या मार्गावर मोठ्या रुळांची वाघीण मालासकट एका बुटक्या गाड्यावर चढवून छोट्या रुळांवरून नेत असत. माल उतरवण्याची गरजच राहत नसे.

म्हणजे ज्या माणसाच्या कल्पनेतून कुर्डुवाडीचा मालधक्का उभा राहिला, त्यानेच दुसरीकडे मालधक्का टाळण्याची व्यवस्था केली. बार्शीच्या मार्गावर ॲक्सलचा भार ५ टनांत ठेवायचा असल्याने भरलेली मोठी वाघीण गाड्यावर चढवून नेणे परवडण्यासारखे नव्हते. हलके रूळ टाकून वाचवलेला खर्च येथे पाठीवरून पोते वाहणाऱ्या माणसाच्या श्रमातून भरून निघत होता. मार्ग स्वस्तात झाला हे आपण सांगतो, तेव्हा त्या स्वस्ताईचा हा भाग हिशेबात धरला पाहिजे.

याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी घेण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले आणि पहिल्या महायुद्धात ते वापरलेही गेले. विषयाला सोडून आहे, पण हा माणूस किती अंगांनी विचार करत होता ते यावरून कळते.

वसाहतीतली

नमस्कार. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि माझे शालेय शिक्षण वसाहतीतच झाले. मालधक्का आणि फलाट यांविषयी सर्वांनी लिहिले, पण कारखान्याशिवाय हे जंक्शन पुरे होणार नाही.

आमचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला डबे भरले जात, दुसऱ्याला सायकलींची रांग फाटकाकडे निघे. वडील सांगत, की छोट्या रुळांची इंजिने आणि डबे देशात इतक्या थोड्या ठिकाणी होते आणि त्यांतही इतके प्रकार होते, की बाहेरून सुटे भाग मागवण्याची सोय फारशी नसे. घासलेला भाग समोर ठेवायचा, त्याचे माप घ्यायचे, लाकडाचा साचा करायचा, ओतायचे आणि लेथवर उतरवायचे, असे काम चाले. जुन्या वाफेच्या इंजिनांचे काही भाग मूळ इंग्रजी आराखड्यापेक्षा आमच्या कारागिरांच्या हातचेच अधिक उरले होते, असे ते अभिमानाने म्हणत. माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामेही याच कारखान्याने केली.

आणखी एक गोष्ट नमूद करते. सोलापूर विभाग १९६६ साली नव्याने झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ साली पुन्हा मध्य रेल्वेत आला. या काळात वसाहतीत तेलुगू बोलणारी अनेक कुटुंबे आली आणि त्यांतील काही कायमची कुर्डुवाडीकर झाली. आमच्या शेजारच्या अम्मांकडून आई पुळिहोरा शिकली आणि त्या आमच्याकडून धपाटे. एखादा मार्ग कोणत्या रेल्वेत आहे हा कागदावरचा बदल वाटतो, पण वसाहतीत तो स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

छोटी गाडी बंद झाल्यावर कारखाना मोठ्या रुळांच्या वाघिणींच्या कामाकडे वळला. तो टिकला याचा आनंद आहे. त्या जुन्या साच्यांचे लाकूड पुढे कुठे गेले, याचे मात्र मला आजही वाईट वाटते.

मिरजवाला

दुसऱ्या टोकाची बाजू थोडक्यात मांडतो. १९२७ साली बार्शी लाईट मिरजेत आली तेव्हा येथे सदर्न मराठा रेल्वेने घातलेला पुणे-लोंढा मार्ग होता आणि तो मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, होता. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे मोठ्या रुळांचा, झाला. तेव्हापासून १९९० च्या दशकात लोंढ्याकडचा मीटर गेज बदलेपर्यंत मिरजेत तिन्ही रुंदींच्या गाड्या एकाच वेळी उभ्या दिसत. मी शाळकरी असताना पादचारी पुलावर उभा राहून त्या तिन्ही पाहत असे, आणि कवठे महांकाळकडे निघालेली छोटी गाडी सुटल्याशिवाय तेथून हलत नसे. माल आणि माणसे उतरवून घेण्याचा जो प्रकार कुर्डुवाडीत एकदा होई, तो मिरजेत दोन प्रकारे होई. तुमचे मालधक्क्याचे वर्णन वाचून आमच्याकडील हमालांची आठवण झाली.

मांजराकाठ

सर्वांच्या भावना समजतात, पण मी लातूरचा आहे आणि मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. आमच्या जिल्ह्याने या छोट्या रुळांची किंमत फार वर्षे मोजली. लातूरची डाळ आणि तेलबिया देशभर जातात. त्या प्रत्येक पोत्याला वाटेत एकदा उतरून पुन्हा चढावे लागे, त्यात वेळ जाई, तूट येई आणि मजुरीचा भार शेतकऱ्याच्या दरावर पडे. ज्यांना परवडले ते ट्रककडे वळले. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही छोट्या रुळांच्या वाटेवर नव्हते. तेथील माणसाला येडशीला जाऊन गाडी धरावी लागे. २००७ साली लातूर-उस्मानाबाद आणि २००८ साली उस्मानाबाद-कुर्डुवाडी हे मोठे रूळ झाले, तेव्हा ही उणीव भरून निघाली.

आणि एप्रिल २०१६ विसरता येणार नाही. लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० टाक्यांच्या गाडीने एका खेपेत २५ लाख लिटरपर्यंत पाणी येऊ लागले. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशीच आली. रस्ता बहुतांश बार्शी लाईटचाच होता, रूळ मात्र मोठे होते. छोटे रूळ असते तर काय झाले असते, याचा विचार या धाग्यावरील सर्वांनी करावा, ही नम्र विनंती.

लोहपथ

मांजराकाठ यांचा मुद्दा आकड्यांनीही पटतो. त्या गाडीची एक टाकी ५० हजार लिटरची, म्हणजे नुसते पाणीच ५० टन. बार्शी लाईटच्या ४ ॲक्सलच्या वाघिणीला स्वतःचे वजन धरून २० टनांची मर्यादा होती. तेवढे पाणी न्यायला वाघिणींची संख्या कित्येक पटींनी वाढली असती आणि एकेरी छोट्या मार्गावर तितक्या गाड्या सोडणे शक्यच नव्हते. १८९७ साली जी मर्यादा मार्ग उभारण्याचे साधन ठरली, तीच शंभर वर्षांनंतर वाहतुकीची अडचण झाली होती.

रूळवाट

मांजराकाठ, आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे आणि रुंदीकरण व्हायलाच हवे होते. मालधक्क्यावरच्या त्या हमालानेही कष्टांचे गोडवे गायले नव्हते. आपल्या मुलाने पाठीवर पोते घेऊ नये, हीच त्याची इच्छा होती. माझी खंत वेगळी आहे. रुंदीकरणाच्या वेळी रुळांची, पुलांची, जमिनीची मोजमापे नीट झाली, पण त्या मार्गावर राबलेल्या माणसांकडून कामाची माहिती लिहून घेण्याची व्यवस्था झाली नाही. टोळी किती जणांची असे, दर कसा ठरे, कोणत्या गावांतून माणसे येत, साचे कोण घडवी, हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कॅलथ्रॉपच्या इंजिनांचे आराखडे इंग्लंडमध्ये जतन होतील. कुर्डुवाडीच्या मुकादमाची वही मात्र आपल्याखेरीज कोणी शोधणार नाही.

म्हणून सुचवतो, की ज्यांच्या घरी या मार्गावर काम केलेली ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांनी त्यांच्याशी बोलून येथेच लिहावे. वसाहतीतली, आपल्या वडिलांच्या सोबत्यांपैकी कोणी आजही वसाहतीत राहत असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. मी येत्या हिवाळ्यात कुर्डुवाडीला जाणार आहे.

वसाहतीतली

दोघे जण आहेत आणि दोघांचीही स्मरणशक्ती उत्तम आहे. एक काका साचेघरात होते आणि दुसरे डब्यांच्या सुतारकामात. मी त्यांच्याशी बोलून ठेवते. दुपारची झोप झाल्यावर, चारच्या पुढे गेलात तर ते निवांत बोलतील. सोबत जुने फोटो न्यावेत. फोटो समोर ठेवला की माणसांची नावे आणि कामे आपोआप आठवत जातात, असा माझा वडिलांबाबतचा अनुभव आहे.

जुना बार्शीकर

रूळवाट, हिवाळा योग्यच आहे, कारण गवत वाळल्याशिवाय जुना भराव दिसत नाही. कुर्डुवाडीचे काम आटोपल्यावर येडशीकडेही यावे. नवा मार्ग धाराशिवकडे वळवला गेल्यामुळे येडशीच्या पुढे छोट्या रुळांची जुनी वाट वेगळी पडली आहे. तेथे भराव आणि घडीव दगडांच्या मोऱ्या पाहता येतील. काही ठिकाणी वाट शेतांना लागून जाते, म्हणून आधी शेतमालकाला विचारावे; ‘बार्शी लाईटची लाईन’ म्हटले की कोणीही हात करून दाखवतो. ज्वारी हुरड्यात असेल त्या सुमारास आलात तर बार्शीपासून मी सोबत येईन. गाडी माझी असेल, मोजपट्टी आणि वही तुम्ही आणा.